सीझर, नोंद ११: लाडवानं सोडवलेला गुंता

शेक्सपिअरच्या ‘जूलियस सीझर’चं मराठी भाषांतर करतेय, त्यातला तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश अजून तिथेच आहे. मागच्या नोंदीत इंग्रजी ‘अँबिशन’साठी ‘महत्त्वाकांक्षा ठरली, आता फक्त रंधा मारायचा’ असं छातीठोकपणे लिहिलं होतं. ते मागे घेते.

ब्रूटस आणि बाकीचे कटवाले सीझरचा खून करतात, त्यानंतर सीझरचा मित्र अँटनी जमावापुढे भाषण करतो. ते गेल्या रविवारी भाचीला वाचून दाखवलं. ‘ब्रूटस म्हणतो, सीझर महत्त्वाकांक्षी होता’ इथं तिनं मोबाइलमधून मान वर काढली. “मग काय झालं मावशी? चांगलंच की!”

खलास. पण पोरीचं बरोबर आहे. लग्नाच्या बायोडेटात आपण ‘मुलगी हुशार व महत्त्वाकांक्षी’ असं लिहितो. १५९९ साली नाटक आलं तेव्हा तो शब्द म्हणजे आरोप होता, आपल्याकडे त्यावर पेढे वाटतात. शिवाय शब्द नऊ मात्रा खातो आणि पहिल्या भाषणात अँटनी तो सात वेळा उच्चारतो. लॅटिन मुळाकडे गेले तर आणखी गंमत. ‘अँबितिओ’ म्हणजे मतं मागत दारोदार फिरणं, आणि मतांसाठी लाच दिली की तो ‘अँबितुस’ नावाचा गुन्हा. म्हणजे सीझरचा खून प्रचारफेरीवरून झाला म्हणायचं!

कोशांनीही हात टेकले. मोल्सवर्थ आपला लाडका, पण तो मराठीतून इंग्रजीत नेतो. उलट्या वाटेसाठी कँडीचा १८४७ चा कोश आहे, पण माझ्याकडचं स्कॅन असं की अनुस्वार कुठला आणि धूळ कुठली ते कळत नाही. पोस्टानं मागवलेल्या जुन्या सटीप प्रतीत नेमकी या अंकाची पानं गायब. विक्रेत्याला फोन केला, तर म्हणे, “मॅडम, बाकीचं तर आहे ना?”

‘सत्तालोभी’ला अग्रलेखाचा वास येतो. ‘राज्यतृष्णा’ म्हटलं की संगीत नाटकाचा पडदा वर जातो. मग वाटलं, नामच नको, सरळ ‘सीझरला राजा व्हायचं होतं’ म्हणू. दोन दिवस हवेत होते. ‘तीनदा मुकुट पुढे केला, तीनदा त्यानं सारला. याला राजा व्हायचं होतं?’ झकास बसलं! पण अँटनीच्या आधी ब्रूटसचं गद्य आहे. सीझरच्या प्रेमाला अश्रू, भाग्याला आनंद, शौर्याला मान आणि... ‘राजा व्हायचं होतं याला मरण’? तीन पायांवर उभं राहिलेलं टेबल चौथ्याला कोसळलं. तिथं नामच लागतं, आणि तेही ब्रूटसच्या तोंडचंच, कारण अँटनी त्याचाच शब्द त्याच्यावर उलटवतो.

गुरुवारी स्वयंपाकघरात आई शेजारच्या चिंटूला ओरडली. “कसली रे ही हाव! दोन हातांत दोन लाडू, अन् डोळा तिसऱ्यावर!” मी झारा हातात घेऊन तशीच उभी.

‘हाव’ मी सातव्या नोंदीत उडवून लावला होता. कारण दिलं होतं, ‘कशाची ते कळत नाही, जिलबीचीही असू शकते.’ पण तीच तर त्याची खुबी! कशाची ते ब्रूटस सांगतच नाही. सगळं भाषणभर अँटनी तेवढंच विचारत राहतो:

बंदी आणले, खंडणीनं खजिना भरला तुमचा.
ही हाव?
गरीब रडले, तेव्हा डोळे याचेही भरले.
हाव असली तर काळीज दगडाचं लागतं.

मग सीझरचं मृत्युपत्र निघतं. रोमच्या लोकांना माणशी ७५ द्राख्मा, म्हणजे चांदीची नाणी, शिवाय टायबरकाठच्या बागा. घेणाऱ्यावरचा आरोप देणाऱ्यावर कसा टिकेल? इथं मराठी मूळ इंग्रजीपेक्षाही धारदार लागते असं मला वाटतं. दगड मारायचे तर मारा. चौथ्या नागरिकाचं ‘मुकुट घेतला नाही, म्हणजे हाव नव्हतीच’ हे तर आपोआप आलं. खुनानंतरच्या ब्रूटसच्या वाक्यालाही काही करावं लागलं नाही: ‘हावेचं देणं फिटलं.’ ते दिवसभर गुणगुणत होते. अडली फक्त दुसऱ्या अंकातली शिडी, म्हणजे ‘नम्रता ही कोवळ्या महत्त्वाकांक्षेची शिडी’ हे ब्रूटसचं वाक्य. सध्या ‘कोवळी हाव लीनतेच्या पायऱ्यांनी चढते’ असं ठेवलंय. ‘कोवळी’ खटकतंय.

आता हे लिहिता लिहिताच दुसरं खुपायला लागलं. अँटनी कटवाल्यांना पुन्हा पुन्हा ‘ऑनरेबल’ म्हणतो, त्यासाठी मी ‘माननीय’ घेतला होता आणि त्यावर तुम्ही सगळे खूशही होतात. पण चौकातल्या फ्लेक्समुळे त्यावर पहिल्याच वेळी हशा येतो. पहिल्यांदा तो खराच वाटायला हवा, चौथ्यांदा दात दिसायला हवेत. ‘अब्रूदार’ कसा वाटतो? ‘ब्रूटस अब्रूदार माणूस आहे.’ आणि अरे देवा, पहिल्या अंकात कटाचा सूत्रधार कॅशियस ब्रूटसला कटात ओढतो तेच मुळी ‘गोष्ट अब्रूची आहे’ म्हणत! तिथं मी ‘सन्मान’ लिहून बसलेय. म्हणजे ज्या गळाला तो लागला, त्याच गळाला अँटनी त्याला टांगतो, आणि माझ्या खर्ड्यात ती दोरीच तुटलेली.

तेव्हा चौथा अंक राहू दे. ज्या पहिल्या अंकावर मी लाल शाईनं ‘अंतिम’ लिहिलं होतं, ती वही परत काढलीय.