आमचीही गाठ जाळता येईल का?

महिन्याकाठी दोन-तीन फोन येतातच. कुणाकडून तरी माझा नंबर मिळालेला असतो आणि प्रश्न ठरलेला असतो: "तुमच्या आईंची लिव्हरमधली गाठ सुईने जाळली म्हणे. आमच्या वडिलांची जाळता येईल का?" तुम्ही विचारलंत म्हणून सगळं एकदा नीट लिहिते.

आईला यकृताच्या आतल्या पित्तनलिकेचा कॅन्सर आहे. आधी तिचं रीतसर ऑपरेशन झालं, यकृताचा डावा भाग काढला. हे मुद्दाम सांगते, कारण फोन करणाऱ्यांना वाटतं की सुईमुळे ऑपरेशन टळलं. टळलं नाही. गाठ काढण्यासारखी असेल तर या आजारात पहिला मान अजूनही शस्त्रक्रियेचाच. त्यात जवळचे लिम्फ नोडही (लसीका ग्रंथी, जिथे कॅन्सर पसरू शकतो) काढून तपासता येतात, सुई फक्त गाठीपुरतं काम करते. पण ऑपरेशननंतरही हा कॅन्सर निम्म्याहून अधिक जणांत परत येतो. आईच्या यकृताच्या उजव्या भागात दीड वर्षाने दोन सेंटिमीटरची गाठ दिसली. उरलेल्यातलं आणखी कापणं तिला झेपलं नसतं. तेव्हा सर्जननीच मायक्रोवेव्ह अब्लेशनचा, म्हणजे सुईने गाठ जाळण्याचा, विषय काढला.

भूल देऊन, सीटीवर बघत, बरगड्यांमधून सुई थेट गाठीत नेतात. घरातल्या मायक्रोवेव्हसारख्याच लहरी सुईच्या टोकाशी सुटतात, पुष्कळ यंत्रांची वारंवारताही तीच, २४५० मेगाहर्ट्झ. त्याने पेशींमधल्या पाण्याचे कण हलून तापतात. ६० अंशांवर गेलं की पेशी जवळजवळ लगेच मरते. नुसती गाठ जाळून मात्र भागत नाही. हा कॅन्सर दिसतो त्याच्या पलीकडे बारीक मुळं सोडतो, म्हणून भोवतीचं ५ ते १० मिलिमीटर चांगलं यकृतही जाळावं लागतं.

इथेच जागेचा प्रश्न येतो. तुम्ही फोनवर आधी आकार सांगता. तो महत्त्वाचा आहेच, तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत हा उपाय सगळ्यात चांगला लागू पडतो. पण मी विचारते, गाठ आहे कुठे? मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून असेल तर वाहतं रक्त उष्णता घेऊन जातं आणि त्या कडेच्या पेशी वाचतात. मायक्रोवेव्हमध्ये हा त्रास थोडा कमी, तरी असतो. यकृताच्या मुळाशी, जिथे मोठ्या पित्तनलिका एकत्र येतात, तिथे असेल तर नलिकाच भाजते, पुढे आकसते आणि कावीळ होते. नलिकेत स्टेंट (ती उघडी ठेवायला बसवलेली बारीक नळी) असेल किंवा ती आतड्याला जोडलेली असेल, तर जंतू आधीच वर चढलेले असतात आणि जळलेल्या जागी पू होण्याची भीती खूप वाढते. स्टेंटचं डॉक्टरांना सांगायला कृपा करून विसरू नका. आईची गाठ मोठ्या आतड्याजवळ होती, म्हणून त्यांनी मध्ये डेक्स्ट्रोजचं पाणी सोडून आतडं बाजूला सारलं, मग जाळलं.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली. चार दिवस बारीक ताप आणि अंगदुखी होती, त्याची कल्पना आम्हाला दिलेली होती.

कल्पना नव्हती ती महिन्यानंतरच्या सीटीची. रिपोर्ट रात्री मोबाइलवर आला. दोनाची गाठ चार सेंटिमीटर झालेली! मी तो आईला दाखवला नाही, रात्रभर जागी राहिले. सकाळी डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं: हे चार सेंटिमीटर म्हणजे गाठ आणि भोवती मुद्दाम जाळलेली कड. सीटीच्या वेळी शिरेतून सोडलेलं औषध रक्ताबरोबर जिवंत भागात शिरतं; या जागेत ते कुठेच शिरत नव्हतं, म्हणजे आत जिवंत काही नव्हतं. जळालेली जागा आधी मोठीच दिसते, मग महिन्यागणिक आक्रसते. हे एक वाक्य आधी कुणी सांगितलं असतं तर ती रात्र गेली नसती. आता मी प्रत्येक फोनवर ते सांगते.

आईचा सीटी अजून दर तीन महिन्यांनी होतो. नवी गाठ दुसरीकडे उगवू शकते, हे आम्ही दोघी जाणून आहोत.

तुमच्या वडिलांचं जमेल का, हे मी सांगू शकत नाही, रिपोर्टचे फोटो पाहूनही नाही. सीटीची सीडी घ्या, सर्जन आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (स्कॅनवर बघत सुईने असे उपचार करणारे डॉक्टर) या दोघांना दाखवा आणि विचारा: मोठी पित्तनलिका या गाठीपासून किती लांब आहे?