डिस्क ‘गुड’ म्हणतेय, बरं मग?

नातेवाइकांत एकदा का तुमचं नाव ‘कॉम्प्युटरवाला’ असं पडलं की दिवाळीपासून उत्तरायणापर्यंत घरी येणारा प्रत्येक जण फराळाची ताटली खाली ठेवता ठेवता खिशातून एक एक्स्टर्नल हार्डडिस्क काढतो आणि म्हणतो, जरा बघ ना रे, हल्ली फार स्लो झालीये. आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो, निम्मं गणगोत चालत येण्याच्या अंतरावर, त्यामुळे सुटका नाही. पण एवढ्या डिस्का हाताखालून गेल्यावर माझं एक मत पक्कं झालंय आणि तेच सांगायला आज बसलोय. सॉफ्टवेअर वर निळ्या रंगात ‘गुड’ लिहितं की पिवळ्यात ‘कॉशन’ लिहितं याच्या नादी लागू नका, खाली दोन-तीन आकडे असतात ते मागच्या वेळेपेक्षा हललेत का तेवढं बघा. आता हललेत का ते कळायला मागच्या वेळचे आकडे कुठेतरी लिहून ठेवलेले लागतात, आणि ते कोणीच ठेवत नाही.

ज्यांना हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. हार्डडिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवत असते, त्याला स्मार्ट म्हणतात. नव्वदच्या दशकात आयबीएमने आधी काहीतरी काढलं, कॉम्पॅकने डिस्क कंपन्यांना बरोबर घेऊन स्वतःचं काढलं, मग सगळ्यांनी मिळून एक ठरवलं. विंडोजवर हे बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट जपानी सॉफ्टवेअर आहे, लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स (त्यातली कमांड म्हणजे स्मार्टसीटीएल), आणि कमांड टाइप करायचा कंटाळा असेल तर त्याचंच खिडकीवालं रूप म्हणजे जीस्मार्टकंट्रोल, ते विंडोजवरपण चालतं. मॅकवाल्यांनो, तुमच्याकडे युएसबीवरच्या डिस्कचं स्मार्ट सरळ दिसत नाही, वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो.

क्रिस्टलडिस्कइन्फो टाकल्या टाकल्या एक काम करा. त्यात उजवीकडची ‘रॉ व्हॅल्यू’, म्हणजे मूळ मोजणी, हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाच्या पटीत) दाखवतात, म्हणजे १८ दिसलं तर ते अठरा नाही, चोवीस आहे, आणि चालू तासांच्या पुढे २३२८ दिसलं तर ते बरोब्बर ९००० तास. फंक्शन मेनूत अॅडव्हान्स्ड फीचर, त्यात रॉ व्हॅल्यूज, तिथे दहाचा पर्याय निवडा आणि मोकळे व्हा.

आता आकडे. यादी लांबलचक असते पण मी बघतो ते ०५, सी५ आणि सी६. लिनक्सवर हेच ५, १९७ आणि १९८ म्हणून दिसतात. ०५ म्हणजे रीअलोकेटेड, खराब झालेला सेक्टर (डिस्कवरचा डेटा ठेवायचा छोटा कप्पा) बाजूला टाकून डिस्कने राखीव जागेतला दुसरा वापरायला घेतला असे किती. सी५ म्हणजे पेंडिंग, वाचायला गेलो पण वाचता आला नाही, आता याचं काय करायचं ते ठरलेलं नाही असे किती. सी६ साधारण त्याचाच भाऊ. तिन्ही शून्य असावेत. मात्र ०५ मध्ये काही आकडा आहे आणि तो वर्षभर तिथेच बसलाय तर माझी झोप उडत नाही, आणि सी५ आज ८, पुढच्या महिन्यात २४, तर मात्र मी हातातला चहा खाली ठेवतो. (हे आकडे बऱ्याचदा आठाच्या पाढ्यात येतात कारण आतला खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो आणि मोजताना ५१२ चे तुकडे मोजतात. एक सेक्टर गेला की आठ दिसतात.)

‘पास’ किंवा ‘गुड’वर माझा विश्वास का नाही, तर डिस्कचा स्वतःचा जो निकाल असतो तो कंपनीने ठरवलेल्या उंबरठ्यावर असतो आणि तो उंबरठा भलताच खाली असतो. वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच डिस्कांत ०५ ची नॉर्मल व्हॅल्यू (मूळ मोजणी नव्हे, त्यावरून डिस्क स्वतःला देते ते गुण) २०० पासून सुरू होते आणि ती १४० पर्यंत खाली आली की मग कुठे नापास. तोवर ढिगाने सेक्टर गेलेले असले तरी स्मार्टसीटीएल ‘पास्ड’च म्हणणार. उलट क्रिस्टलडिस्कइन्फो एवढं भित्रं की नेहमीच्या सेटिंगमध्ये या तिघांपैकी कुठेही १ दिसला की पिवळं होतं, आणि ०५ काही कमी होत नाही त्यामुळे मग आयुष्यभर पिवळंच राहतं. एक परीक्षक सगळ्यांना पास करणारा, दुसरा सगळ्यांना धाक घालणारा, आपल्याला दोघांचाही उपयोग नाही.

सीगेटवाल्यांसाठी वेगळं सांगतो कारण घाबरलेले फोन त्यांचेच जास्त येतात. ०१ आणि ०७ समोर कोट्यवधींचा आकडा दिसतो, रीड एरर, सीक एरर, आणि माणूस हबकतो. त्या एका आकड्यात चुका आणि एकूण किती वेळा वाचलं-फिरलं असं दोन्ही कोंबलेलं असतं, म्हणून एवढा मोठा दिसतो. सोडून द्या.

काकांची डिस्क सांगतो. काकांनी आजोबांच्या दिलरुब्याच्या जुन्या कॅसेट रिटायर झाल्यावर एकेक करून कॉम्प्युटरवर घेतल्या, हे काम काय जिकिरीचं असतं ते केलेल्यालाच कळतं, एका बाजूची कॅसेट वाजायला तेवढाच वेळ लागतो, मध्ये टेप अडकली की पेन्सिल घालून फिरवा. ते सगळं एका पोर्टेबल डिस्कवर. दिवाळीत बघितलं तेव्हा तिन्ही आकडे शून्य होते, मी माझ्या शीटमध्ये लिहून ठेवले. होळीच्या सुमारास काका म्हणाले की फोल्डर उघडताना वरची हिरवी पट्टी संपतच नाही. जोडून बघतो तर सी५ समोर २४.

“अरे पण उघडतंय तर सगळं,” काका म्हणाले.

“काका, उघडतंय तोवरच कॉपी करून घेऊ, तुम्ही आता माउसला हात लावू नका.”

काकांनी माझ्याकडे यायच्या आधी कोपऱ्यावरच्या दुकानात दाखवली होती, तो बघायच्या आधीच म्हणाला होता, “भाई, नवी ज लई लो ने.” आम्ही हसलो त्याला, पण खरं सांगायचं तर सल्ला बरोबरच होता.

अशा वेळी चेकडिस्क मारायची नाही. विंडोज स्वतःच विचारतं, एरर आहेत, स्कॅन करू का, आणि आपण भोळेपणाने हो म्हणतो, मग ते मरायला टेकलेल्या डिस्कला तासन्‌तास पळवतं. आधी कॉपी, त्यातही जे दुसरीकडे कुठेच नाही ते सगळ्यात आधी, सिनेमे शेवटी. साध्या कॉपीला डिस्क अडकत असेल तर लिनक्सवर डीडीरेस्क्यू आहे, ते अडलेला भाग सोडून पुढे जातं, सोपं सोपं आधी उचलतं आणि काय राहिलं त्याचा नकाशा एका फाइलमध्ये ठेवतं, म्हणजे मध्ये बंद पडलं तरी तिथून पुढे चालू. काकांचं बहुतेक सगळं साध्या कॉपीतच आलं, उरलेल्या फाइली डीडीरेस्क्यूने काढल्या, एका रेकॉर्डिंगमध्ये मधेच खट्‌ असा आवाज येतो, पण काका म्हणतात तो कॅसेटमध्येपण होता, मी वाद घातला नाही.

नंतर त्या डिस्कला फुल फॉरमॅट मारला (क्विक नव्हे, फुलमध्ये विंडोज सगळीकडे शून्य लिहितं, आणि लिहायला गेल्यावर डिस्कला पेंडिंग सेक्टरचा निकाल लावावाच लागतो). पेंडिंग परत शून्य झाले आणि रीअलोकेटेड ८. म्हणजे चोवीसातले सोळा नुसतेच रुसले होते. आता ती डिस्क टीव्हीला लावलेली आहे, पिवळीधमक, आठाचे नऊ झालेले नाहीत.

एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. पेंडिंग शून्य दिसणं म्हणजे सगळे सेक्टर चांगले आहेत असं नाही, कोणी अजून तिथे वाचायलाच गेलेलं नाही असंही असू शकतं. कॉम्प्युटरच्या आतली डिस्क निदान रोज फिरते, एक्स्टर्नल डिस्क मात्र कपाटात साड्यांच्या खाली पडलेली असते आणि २०१२ च्या मुंजीचे फोटो त्यानंतर कोणी उघडलेले नसतात. तिथला सेक्टर गेला तर डिस्कलाच पत्ता नाही, ती नोंद काय ठेवणार? म्हणून अधूनमधून अख्खी डिस्क वाचायला लावायची. जीस्मार्टकंट्रोलमध्ये एक्स्टेंडेड टेस्ट असते, दोन टीबीच्या पोर्टेबल डिस्कला चारपाच तास सहज लागतात, रात्री लावून झोपायचं. यात गंमत अशी की डिस्क ज्या डबीत बसवलेली असते तिच्यातली युएसबीची चिप थोडा वेळ काही हालचाल दिसली नाही की डिस्कला झोपवते, आणि सकाळी बघावं तर टेस्ट ‘अबॉर्टेड’. त्यावर देशी उपाय म्हणजे त्याच डिस्कवरच्या गाण्यांचा अख्खा फोल्डर रिपीटवर लावून ठेवा, बऱ्याचदा चालतं.

ही डबीतली चिप एकूणच त्रासदायक प्रकरण आहे. डिस्क बोलते साटा, कॉम्प्युटर बोलतो युएसबी, आणि मधला दुभाषा काही डब्यांत स्मार्टचं बोलणं पोचवतच नाही. स्मार्टसीटीएलला कधी कधी ‘डॅश डी सॅट’ (-d sat) जोडल्यावर दिसायला लागतं. तरी नाहीच दिसलं तर विंडोजचं इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिस्टिम लॉगमध्ये सोर्स ‘डिस्क’ असलेल्या नोंदी बघा. ७ नंबर म्हणजे बॅड ब्लॉक, १५३ म्हणजे वाचायला जमलं नाही म्हणून परत प्रयत्न केला. या नोंदी विंडोज स्वतः करतं, डबीच्या परवानगीची गरज नाही. आणि सी७ नावाचा सीआरसीचा आकडा वाढला की लोक युएसबीची केबल बदलायला पळतात, पण तो मोजतो डिस्क आणि ती चिप यांच्यामधल्या जोडणीतल्या चुका, डबीच्या आतल्या. युएसबी केबल खराब असेल तर डिस्क मधेच गायब होते, टुंग करून परत येते, स्मार्टमध्ये त्याचा पत्तापण लागत नाही. बऱ्याच पोर्टेबल डिस्कांत तर युएसबीचं सॉकेट थेट डिस्कच्याच बोर्डावर असतं, आत साटा नाहीच, त्यामुळे ‘डबी फोडून आतली डिस्क काढू’ हा बेत तिथेच संपतो.

उत्तरायणाचं सांगायचं राहिलं. १४ जानेवारीला आमच्याकडे आकाशात पतंग आणि तारांवर दोरे, दिवसभरात लाइट झटके देत राहते. त्याच दिवशी भाच्याला गच्चीवरचे व्हिडिओ डिस्कवर टाकायचे असतात. लाइट गेली की डिस्कची पॉवर एका क्षणात जाते आणि प्लेट फिरतेय तेवढ्या जोरावर वाचणारं-लिहिणारं हेड घाईघाईत जागेवर न्यावं लागतं, ती वेळ सी० म्हणजे १९२ मध्ये मोजली जाते. इजेक्ट न करता डिस्क खसकन ओढली तरी तेच. आमच्या घरच्या डिस्कचा हा आकडा दर जानेवारीत उडी मारतो. एकेका झटक्याने डिस्क मरत नाही पण कॉपी चालू असताना झालं तर फाइल जाते, आणि एक्सफॅटमध्ये (फाइली मांडायची एक पद्धत) जर्नल, म्हणजे काय बदल चाललाय त्याची नोंदवही, नसल्यामुळे कधी कधी अख्खं फोल्डरच गोंधळतं. यूपीएस घ्या, नाहीतर त्या दिवशी पतंगच उडवा.

उन्हाळ्याची भीती लोकांना फार वाटते, मे महिन्यात बडोद्यात बाहेर ४२ असतं. पोर्टेबल डिस्कच्या खोक्यावर कितीतरी वेळा ३५ डिग्रीपर्यंतच्या खोलीत वापरा असं लिहिलेलं असतं, तेव्हा उन्हातल्या खिडकीपासून लांब ठेवा इतपत ठीक. पण गूगलने २००७ साली स्वतःच्या लाखभराहून जास्त डिस्कांचा अभ्यास छापला होता त्यात तापमानाचा आणि डिस्क मरण्याचा संबंध वाटत होता तेवढा सापडला नव्हता. त्याच अभ्यासातलं दुसरं वाक्य मी कोणी डिस्क घेऊन आलं की हमखास ऐकवतो: मेलेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांनी स्मार्टमध्ये आधी काहीच दाखवलं नव्हतं. बॅकब्लेझ या ऑनलाइन बॅकअपवाल्या कंपनीने २०१६ मध्ये स्वतःच्या डिस्कांचे आकडे दिले, त्यांच्याकडे ते बघतात त्या पाच आकड्यांत काहीही न दाखवता गेलेल्या निघाल्या २३.३ टक्के. म्हणजे माझी शीट कितीही नीट ठेवली तरी चारातली एखादी न सांगताच जाणार, त्यामुळे सगळ्याची दुसरी कॉपी आहेच, आणि फोटो व आजोबांच्या रेकॉर्डिंगची तिसरी पुण्याला ताईकडे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हापासून दोन्ही कॉप्या बडोद्यातच ठेवायच्या हे आमच्याकडे कोणी सुचवतपण नाही. ताई दिवाळीला येते तेव्हा ती डिस्क घेऊन येते, नवीन सामान भरायचं, एक्स्टेंडेड टेस्ट लावायची, भाऊबीज झाली की परत.

शीट म्हणजे काही ग्रेट नाही, डिस्कचं टोपणनाव, सिरियल नंबरचे शेवटचे चार अक्षर-आकडे, तारीख, चालू तास, ०५, सी५, सी६, सी०. सिरियल नंबर लिहाच, कारण काळ्या डब्या सगळ्या सारख्याच दिसतात आणि घरात कोण कोणाची उचलून नेतं त्याचा हिशोब नाही.

हल्ली लोक एक्स्टर्नल एसएसडी घेऊन येतात, त्यांचं गणित वेगळं, तिथे सी५ वगैरे बघून फारसं काही कळत नाही, किती टक्के आयुष्य वापरलं आणि मीडिया एरर किती ते बघायचं, एनव्हीएमई (जास्त वेगवान जातीची एसएसडी) असेल तर स्मार्टसीटीएलला डबीतली चिप कोणत्या कंपनीची आहे तेपण सांगावं लागतं. भाच्याची एक सध्या माझ्याकडेच पडून आहे, तिच्यावर प्रयोग झाले की लिहितो.