साराच्या किल्ल्यावर

किबेराँच्या धक्क्यावरून बोट सुटली तेव्हा डेकवर उभं राहवत नव्हतं, इतका वारा होता. तरी मी आत गेले नाही. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताजवळच्या बेल-ईल बेटाचा काठ पहिल्यांदा दिसतो तो क्षण मला खिडकीच्या काचेतून बघायचा नव्हता. पाऊण तासाचा तर प्रवास. शेजारी भाची, पॅरिसात शिकते ती. दोन दिवस माझ्यासोबत ती सारा बर्नहार्ट या जुन्या फ्रेंच नटीच्या मागे फिरत होती. त्या वाऱ्यात तिने मला विचारलं, "मावशी, ती खरंच मोठी नटी होती का गं, की नुसतीच गाजलेली?"

तिची काही चूक नव्हती. पॅरिसात आम्ही बघितलं ते सगळं गाजण्याचंच होतं. पती पाले संग्रहालयात चित्रकार क्लेरँने १८७६ साली रंगवलेलं तिचं मोठं चित्र आहे. पांढऱ्या सॅटिनमध्ये ती कोचावर अशी वळून रेललेली आहे, की नजर वेलीसारखी खाली उतरत पायाशी बसलेल्या कुत्र्यापर्यंत जाते. शवपेटीत डोळे मिटून पडलेला तिचा फोटो तर जगभर फिरला. घरात चित्ता पाळला, १८७८ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी बलूनमध्ये बसून पॅरिसवरून उडाली. पेर लाशेज दफनभूमीतल्या तिच्या थडग्यावर मात्र यातलं काही नाही. साधा दगड आणि नाव.

मी तीस वर्षं हौशी रंगभूमीवर काम करतेय. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी ऑफिस सुटल्यावर रात्री बारापर्यंत केल्यात. त्यामुळे नाटकवाल्यांबद्दल "नुसतीच गाजलेली" हे शब्द ऐकले की मला आत कुठेतरी लागतं. बोटीवर मी भाचीला थपडेची गोष्ट सांगितली.

सारा १८६२ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी कोमेदी-फ्रान्सेझमध्ये उभी राहिली आणि पहिल्या भूमिकेत अपयशी ठरली. समीक्षकांनी फारसं काही लिहिलं नाही. पुढच्या जानेवारीत नाटककार मोलिएरच्या जयंतीचा सोहळा होता, सगळे नट ओळीने रंगमंचाकडे निघालेले. साराच्या धाकट्या बहिणीचा पाय मादाम नाताली या ज्येष्ठ नटीच्या घोळदार झग्यावर पडला. बाईंनी पोरीला असं ढकललं की ती खांबावर आपटली. सारा मागे वळली आणि तिने मादाम नातालीच्या थोबाडीत मारली. माफी माग म्हणाले, तिने मागितली नाही. फ्रान्समधली सगळ्यात मानाची नाटक मंडळी होती ती, आणि ही पोरगी बाहेर पडली. त्याच संस्थेने १८७२ मध्ये तिला सन्मानाने परत बोलावलं आणि १८८० मध्ये तिने ती पुन्हा सोडली, या वेळी स्वतःची मंडळी काढायला.

मग अमेरिका. पहिल्याच दौऱ्यात ५१ गावं, १५७ प्रयोग. दौरा काढलेल्या माणसालाच हे आकडे कळतील. सामान, रेल्वे, कपडेपट, आजारी पडणारे नट, आणि रोज संध्याकाळी तिसरी घंटा. १९०६ मध्ये टेक्सासात थिएटरवाल्यांच्या मक्तेदारीने तिला जागा द्यायची नाही असं ठरवलं, तर तिने तंबू ठोकला. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा ती आपल्यातली वाटली. जत्रेत फड लावणारी माणसं आपण बघितलीयेत.

बेटावरच्या ल पालेच्या बंदरावर लष्करी अभियंता व्होबाँच्या जुन्या किल्ल्याची तटबंदी अगदी अंगावर येते. तिथून बसने सोझों, फिकट गुलाबी-निळ्या घरांचं कोळ्यांचं गाव, आणि तिथून पुढे पायी. झाडं हळूहळू संपतात. झुडपं तीही वाऱ्याने एकाच बाजूला झोपलेली. मग जमीन अरुंद होत जाते आणि टोकाला प्वांत दे पुलँचा पांढरा दीपस्तंभ दिसतो. त्याच्या अलीकडे, खडकात रुतून बसल्यासारखा तिचा किल्ला.

किल्ला म्हणजे डोळ्यांसमोर काही भव्य आणू नका. सोडून दिलेली, बसकी, चौकोनी लष्करी चौकी. १८९४ मध्ये क्लेरँबरोबर ती इथे आली, आणि पन्नाशीला टेकलेल्या या बाईने बेटावरची सगळ्यात उघडी, सगळ्यात वादळी जागा विकत घेतली. पुढे जवळपास प्रत्येक उन्हाळा इथे काढला. पाहुण्यांसाठी शेजारी घरं बांधली, त्यातलं एक नातीच्या नावाचं, व्हिला लिझियान. मी भिंतीला हात लावला. जाडजूड, थंड दगड, खिडक्या इतक्या लहान की बाहेरचा समुद्र पत्त्याएवढा दिसतो. आत खोल्या तिच्या वेळेसारख्या मांडून ठेवल्यात. मला वाटलं होतं मखमल आणि झुंबरं असतील. होती एक निजायची साधी खोली, जिथे रात्री वाऱ्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नसणार.

इथे ती शिल्पंही करायची. तिच्या शिल्पांमधलं सगळ्यात गाजलेलं या किल्ल्याच्या कितीतरी आधीचं, १८७६ च्या सुमाराचं. ब्रिटनीची एक कोळीण आजी, मांडीवर बुडून मेलेला नातू. फोटोत बघितलं तरी त्या म्हातारीचा हात विसरता येत नाही. केवळ मिरवायला केलेलं काम असं होत नाही.

दुपारी खडकाच्या आडोशाला बसून डबा खाल्ला आणि भाचीने फोनवर तिचे चित्रपट काढले. आधी १९०० च्या जागतिक प्रदर्शनात दाखवलेला हॅम्लेटच्या द्वंद्वयुद्धाचा तुकडा, जेमतेम दोन मिनिटांचा. कमरेला तलवार लावलेली सारा. त्याच सुमारास आपल्याकडे गणपतराव जोशी आगरकरांच्या 'विकारविलसित'मधून हॅम्लेट उभा करत होते आणि बाळाभाऊ जोग त्यांच्यासमोर स्त्रीभूमिकेत होते. आपल्याकडे पुरुष लुगडं नेसत होते, तिथे बाई राजपुत्र होत होती. त्याच वर्षी पंचावन्नाव्या वर्षी तिने 'लेग्लाँ' या नाटकात नेपोलियनच्या विशीतल्या मुलाची भूमिका केली, आणि पॅरिस त्यासाठी वेडं झालं. मग १९१२ चा 'राणी एलिझाबेथ'. शेवटी ती उशांच्या ढिगावर तोंडघशी कोसळते. भाची हसली. मीही आधी हसणार होते. पण तोवर तिचा उजवा गुडघा पार गेला होता. तरीही ती कॅमेऱ्यासमोर तशी कोसळली. मी तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला, आणि दुसऱ्यांदा कोणी हसलं नाही. हाच चित्रपट अमेरिकेत दाखवून अ‍ॅडॉल्फ झुकोरने पैसा केला, त्यातून पुढे पॅरामाउंट ही चित्रपट कंपनी उभी राहिली.

१९१५ मध्ये, सत्तरीत, तिचा पाय कापावा लागला. लाकडी पाय तिने लावला नाही. पालखीसारख्या खुर्चीतून नेतील तिथे गेली, महायुद्धाच्या आघाडीवर सैनिकांसमोर बसून बोलली. तिचं ब्रीद होतं 'कां मेम'. मराठीत 'तरीसुद्धा'. १९२३ च्या मार्चमध्ये गेली तेव्हा तिच्या पॅरिसच्या घरातच एका चित्रपटाचं चित्रीकरण चालू होतं. पॅरिसातल्या शात्लेच्या चौकातल्या तिच्या नाट्यगृहावरून, ती जन्माने ज्यू म्हणून, नाझी अंमलात तिचं नाव काढून टाकलं गेलं. डागडुजीनंतर २०२३ मध्ये ते पुन्हा उघडलं तेव्हा नाव परत लागलं होतं. तिथून जाताना मी पाटीसमोर हात जोडले होते.

शेवटी मी स्वतः एक ध्वनिमुद्रिका लावली, १९१० ची, 'लेग्लाँ'मधलीच. फोन कानाला लावून दोघी जवळ बसलो, वाऱ्यात दुसरा इलाज नव्हता. खरखर, आणि त्यातून आवाज. ती बोलत नव्हती. पट्टी धरून, शब्द ताणत, कंपवत वर नेत होती. आपल्या जुन्या संगीत नाटकांतल्या नटांचं गद्य असंच, पद सुरू व्हायच्या आधीच सुरात असलेलं. फ्रेंच मला चार शब्दांपलीकडे येत नाही. तरी एका जागी ती थांबली, श्वास घेतला, आणि तो श्वास मला स्वच्छ ऐकू आला. शेवटच्या रांगेपर्यंत वाक्य पोचवायचं असेल तर जिथे घ्यायचा, बरोबर तिथेच.

भाची काही बोलली नाही. खाली भरती चढत होती, दीपस्तंभाकडे जाणारी वाळूची वाट आखडत चालली होती. बोट साडेपाचची होती. तिने घड्याळ बघितलं आणि फोन माझ्या कानापासून ओढून पुन्हा मधे धरला.

"परत लाव ना, मावशी. पहिल्यापासून."