पाकीट अडलं, खाऊ बदनाम झाला

शाळेतल्या खाऊच्या व्हेंडिंग मशीनबद्दल निरोप असा होता : मुलं पौष्टिक खाऊ घेत नाहीत, त्या रांगा काढा आणि पुन्हा वेफर्स भरा. दार उघडण्याआधी मी मशीनमधली नोंद काढली. सुक्या मेव्याच्या रांगांच्या क्रमांकांवर विक्री किरकोळ होती, पण ‘वस्तू पडली नाही’ अशा नोंदींची रांग लागली होती. प्रत्येक वेळी पैसे परत गेलेले. मुलं खाऊ मागत होती, मशीन देत नव्हतं.

कारण आत दिसलं. पाकिटं पुढे ढकलणाऱ्या स्प्रिंगा वेफर्सच्याच होत्या. वेफर्सचं पाकीट फुगीर, त्याला दोन वेढ्यांमध्ये ऐसपैस जागा लागते. बदाम-शेंगदाण्यांचं पाकीट चपटं आणि जड. तेवढ्या जागेत ते उभं राहत नाही, मागे कलतं आणि वरची सीलबंद कड तारेत अडकते. खालच्या इन्फ्रारेड सेन्सरपुढून काही गेलं नाही की मोटर आणखी थोडी फिरते. तरीही पाकीट पडलं नाही, तर पैसे परत आणि तो क्रमांक बंद.

मी जास्त वेढ्यांच्या स्प्रिंगा बसवल्या. पाकीट दोन वेढ्यांत सहज सरकावं, पण कलायला जागा उरू नये, एवढंच अंतर हवं. स्प्रिंगचं पुढचं टोक घड्याळातल्या सहाच्या जागी ठेवलं. एका रांगेत पाकीट तरीही उशिरा सुटत होतं. तिथली स्प्रिंग मोटरच्या कपलिंगमधून, म्हणजे जोडणीतून, काढून एक खाच फिरवून बसवली. भरलेली रांग चालवून पाहिली, शिवाय शेवटचं एकटं उरलेलं पाकीटही पाडून पाहिलं. ही दुसरी चाचणी बहुतेक जण टाळतात.

दह्याचे कप वरच्या ट्रेमध्ये होते. तिथून पडले की झाकण फाटतं. ते सर्वांत खालच्या ट्रेवर आणले. तिथे गारवाही जास्त असतो. दह्याला 5 अंश सेल्सियस किंवा त्याहून कमी तापमान लागतं, म्हणून कपाजवळ वेगळा थर्मामीटर ठेवून तपासलं. आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरच्या जाळीवर धुळीचा थर होता, तो ब्रशने काढला. जाळी तुंबली की कॉम्प्रेसर नुसता चालत राहतो, आत थंडावा येत नाही.

एक वस्तू मात्र मी काढायला लावली : ‘पौष्टिक’ म्हणून ठेवलेला ग्रॅनोला बार. 40 ग्रॅमच्या बारमध्ये 14 ग्रॅम साखर, म्हणजे साडेतीन चमचे. वेष्टनावर पुढच्या बाजूला धान्याचं चित्र असतं, खरी माहिती मागच्या तक्त्यात. तिथेही आकडा अख्ख्या पाकिटाचा आहे की अर्ध्या, हे आधी बघावं. तक्त्यात मिठाऐवजी सोडियम दिलं असेल, तर त्याला अडीचने गुणलं की मिठाचं वजन मिळतं.

बंद पडलेले क्रमांक सुरू केले. माल भरणाऱ्याला ट्रे पूर्ण बाहेर ओढायला शिकवलं, कारण रिकामी जागा मागे तयार होते आणि नवा माल तिथेच जायला हवा. शाळेला सांगितलं, कुठलाही खाऊ बंद करण्याआधी न पडलेल्या पाकिटांची नोंद मागवा.