भाकरीचं रजिस्टर

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात एक दोनशे पानी रजिस्टर आहे. पुठ्ठा फुगलेला, कडांना वाळलेला चिखल, आणि पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: ‘22 सप्टेंबर 2025, घटस्थापना’. या रजिस्टरमुळे आमच्या मेळाव्यात जे घडलं ते मला लिहून ठेवायचं आहे. चूक माझी होती, म्हणून मीच लिहितो. गावाचं आणि पक्षाचं नाव लिहीत नाही, कारण मेळाव्यात उभ्या राहून बोललेल्या मावशींना लोक लगेच ओळखतील. धाराशिव जिल्ह्यातली एक क वर्ग, म्हणजे लहान शहराची, नगरपरिषद, एवढं पुरे.

गेली बावीस वर्षं मी पक्षाच्या शहर कार्यालयाचा सचिव आहे. सचिव म्हणजे पावती पुस्तक, मतदार याद्या, बूथप्रमुखांचे फोन, सतरंज्या मोजून घेणं आणि मोजून परत करणं. भाषण मी कधी केलं नाही. पण आमच्या शहरात कुणी किती वर्गणी दिली आणि कुणी नुसती देतो म्हणून सांगितलं, हे मला न बघता सांगता येतं.

घटस्थापनेच्या आदल्या रात्रीपासून पाऊस असा कोसळला की वाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांनीही असा पाहिला नव्हता. आमच्या जिल्ह्यात माणसांना हेलिकॉप्टरनं उचलून आणावं लागलं. शहरात नदीकाठच्या वस्तीत छातीइतकं पाणी. कार्यालयात आम्ही भाकऱ्या गोळा करायला लागलो. गल्लीगल्लीतून बायका फडक्यात बांधून भाकरी, शेंगाची चटणी, कोरडं पिठलं पाठवायच्या आणि पोरं ट्रॅक्टरवर चढून ते पोचवायची. पहिल्याच दिवशी एका घरी दोनदा गेलं आणि एका घरी गेलंच नाही, म्हणून मी रजिस्टर घातलं. नाव, गल्ली, माणसं, भाकरी, ताडपत्री, मोबाईल. डाव्या पानावर कुणी दिलं, उजव्या पानावर कुणाला गेलं. अकरा दिवस ते चाललं. आयुष्यात मी केलेलं सगळ्यात चांगलं काम कोणतं, असं कुणी विचारलं तर मी ते अकरा दिवस सांगेन.

4 नोव्हेंबरला निवडणूक लागली. मतदान 2 डिसेंबरला.

नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा होता. हे आमच्याकडे याआधी 2016 ला झालं होतं. 8 नोव्हेंबरच्या रात्री नोटा बंद झाल्या आणि 27 नोव्हेंबरला मतदान, त्यामुळे ती निवडणूक मी विसरू शकत नाही. मांडववाल्याला द्यायला शंभराच्या नोटा मिळत नव्हत्या. नंतर 2020 ला कायदा बदलला, 2022 ला परत थेट निवड आली, आणि निवडणूक मात्र होतच नव्हती. जवळजवळ चार वर्षं प्रशासक. नळाला पाणी आठ दिवसांनी का येतं हे विचारायला नगरसेवकच नाही. नऊ वर्षांत बूथ कमिट्यांचं काय होतं हे बाहेरच्याला कळणार नाही. माझ्या यादीत तीन बूथप्रमुख वारलेले होते, एक पुण्यात वॉचमन होता, आणि दोघं दुसऱ्या पक्षात जाऊनही यादीत आमचेच होते.

काम मात्र पहिल्यापेक्षा जास्त. प्रभागात दोन नगरसेवक आणि वर नगराध्यक्ष, म्हणजे एका मतदाराला तीन मतं द्यायची. हे घराघरात जाऊन समजावून सांगायला माणसं लागतात, आणि माणसांना किमान चहा लागतो. क वर्गात नगराध्यक्षाच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा साडेसात लाख. आमच्या उमेदवार ताईंकडं साडेसात लाख सोडा, त्याचा चौथा हिस्साही नव्हता. त्या निवृत्त शिक्षिका. शहराध्यक्षांनी मला सांगितलं, रविवारी 9 तारखेला मेळावा घ्यायचा, पाचशे माणूस बसलं पाहिजे आणि दीड लाख जमले पाहिजेत.

शुक्रवारी मी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, गेलो. आमच्या वर्गणीची सुरुवात नेहमी मोंढ्यातून होते. पाडव्याला नवी वही घातली की आडते मन मोठं करून देतात. यंदा गादीवर माणसं बसलेली होती, पण काट्यावर माल नव्हता. जे सोयाबीन आलं होतं ते ओंजळीत घेऊन पाहिलं. अर्धे दाणे काळे, दाबले तर बोटाला ओल लागायची, आणि वास आंबूस. हमीभाव 5,328 रुपये, पण असल्या मालाला तो कोण देणार? आडत्यानं मला चहा पाजला आणि म्हणाला, “अण्णा, शेतकऱ्याच्या घरात आलं तर माझ्या घरात येणार. यंदा त्याच्याच घरात आलं न्हाई.”

एक जण मात्र द्यायला तयार होता. दहा हजार, रोख. मी म्हणालो चेक द्या, नाहीतर खात्यावर टाका, एका माणसाकडून दोन हजारांच्या वर रोख घेता येत नाही. तो म्हणाला, मग पाच नावांनी पाच पावत्या फाडा. मी पुस्तक बंद केलं. लोकांना वाटतं पक्षाकडं पैसा वरून येतो. पक्षांना देणगी द्यायचे निवडणूक रोखे होते तेव्हाही, म्हणजे 15 फेब्रुवारी 2024 ला सुप्रीम कोर्टानं ते रद्द करेपर्यंत, त्यातला एक रुपया माझ्या कार्यालयापर्यंत आलेला मी पाहिला नाही. गावातला पक्ष पावती पुस्तकावरच चालतो, आणि तो तसाच चालावा असं मला मनापासून वाटतं. एकावन्न रुपयांची पावती ज्यानं फाडली तो माणूस मतदानाच्या दिवशी स्वतःहून टेबलावर येऊन बसतो. दहा हजारवाला नंतर नगरपरिषदेत कामं मागायला येतो.

पण हे सगळं खरं असूनही शुक्रवारी संध्याकाळी माझ्याकडं जमले होते नऊ हजार चारशे. मांडववाला आगाऊ मागत होता. बूथ यादीतल्या निम्म्या नंबरांवर ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही’ ऐकू येत होतं. आणि खणात एक यादी होती, दीड महिन्यापूर्वीची, प्रत्येक नंबर चालू.

मी ते रजिस्टर बाहेर काढलं.

डाव्या पानावरच्यांना, ज्यांनी भाकरी दिली होती त्यांना, फोन करण्यात काही वावगं नव्हतं. ती आमचीच माणसं. पण शनिवारी दुपारपर्यंत डावी पानं संपली आणि मी दोन पोरांना उजवी पानं वाचून दाखवायला लागलो. फोनवर काय बोलायचं तेही मीच सांगितलं: “पुराच्या वेळी आपल्या कार्यालयातून भाकरी आली होती, आठवतंय ना? उद्या ताईंचा मेळावा आहे, यायचं, आणि जमेल ती वर्गणी.” त्यातल्या एकाला ते बोलताना अडखळल्यासारखं झालं. मी म्हणालो, बोल, त्यात काय. संध्याकाळी लोक कार्यालयात येऊन पैसे देऊन गेले, काहींनी फोनवरूनच पाठवले. मला आनंद झाला होता. घरी जाऊन बायकोला म्हणालोही, बघ, माणसं केलेलं विसरत नाहीत.

रविवारी मंगल कार्यालय भरलं. खुर्च्या संपल्या म्हणून मागं सतरंज्या टाकल्या. शहराध्यक्ष बोलले, जिल्ह्याहून आलेले पाहुणे बोलले. मी दाराजवळ टेबल टाकून पावत्या फाडत होतो. ताई बोलायला उठल्या तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक मावशी उभ्या राहिल्या. साठीच्या आसपास, हिरवं लुगडं, हातात घडी घातलेली पावती. नदीकाठच्या वस्तीतल्या. पोरांना वाटलं त्यांना हार घालायचाय, म्हणून त्यांनी वाट दिली. त्या पुढं आल्या आणि माईकशिवायच बोलल्या. आवाज चढलेला नव्हता.

“ताई, मला एक इचारायचंय. पाण्याच्या दिवसात तुमच्या माणसानं माझं नाव लिहून घेतलं. किती माणसं हायेत म्हणले, मी चार सांगितले. मला वाटलं भाकरी कमी पडू नये म्हणून लिहायलेत. काल फोन आला, आठवतंय ना म्हणले. न आठवायला काय झालं? एकशे एक रुपये देऊन आले मी. आता ह्याच्यात भाकरी फिटली का, का अजून मत द्यायचं बाकी हाये, तेवढं सांगा. म्हंजी मी मोकळी.”

एवढ्या माणसांत पंख्याचा आवाज ऐकू आला. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, तिकडच्यांनी पाठवलेली दिसते. शहराध्यक्षांनी घोषणेसाठी हात वर केला. ताईंनी तो हात धरून खाली घेतला आणि माईकवर विचारलं, “फोन कुणी केला?”

ती दोन पोरं माझ्याकडं बघायला लागली. त्यांची वयं एकोणीस आणि बावीस. पुरात ती दोघं कमरेला दोर बांधून पाण्यात उतरली होती.

मी पावती पुस्तक हातात घेऊनच स्टेजपर्यंत गेलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा माईक धरला. म्हणालो, “फोन माझ्या सांगण्यावरून झाले. भाकरीचं रजिस्टर मीच काढून दिलं. मावशी, ती भाकरी कुणाचं काही फेडायला नव्हती, मी तिचा हिशोब केला ही माझी चूक. ज्यांच्या घरी भाकरी गेली त्यांच्या सगळ्या पावत्या मी रद्द करतो, पैसे घरी आणून देतो. मत तुमचं तुम्ही ठरवा.” यापेक्षा चांगलं बोलता आलं असतं, पण मला तेव्हा तेवढंच सुचलं. मावशी काही न बोलता जागेवर जाऊन बसल्या. मेळावा सोडून गेल्या नाहीत, याचं मला आजही नवल वाटतं. ताईंनी नंतर नळाचं, गटारीचं, पूररेषेचं बोलणं केलं, पण तो दिवस काही परत उभा राहिला नाही. बरीच माणसं मधूनच उठली.

रात्री कार्यालयात शहराध्यक्ष माझ्यावर खूप चिडले. त्यांचं म्हणणं होतं की बाईंना बाजूला घेऊन समजावता आलं असतं, चारचौघांत पक्षाचं नाक कापायची गरज नव्हती. ते वाईट माणूस नाहीत; पुरात त्यांचा स्वतःचा ट्रॅक्टर अकरा दिवस मोफत चालला. पण मला वाटलं, फोन घराघरात गेला होता, तर माफीही सगळ्यांसमोरच जायला पाहिजे. ताई मध्ये बोलल्या नाहीत. जाताना फक्त म्हणाल्या, “उद्या पैसे द्यायला जाल तेव्हा मला घेऊन जाऊ नका. मी आले तर तो प्रचार होईल.” या ताईंसाठी मी आणखी वीस वर्षं सतरंज्या मोजेन.

सत्तावीस पावत्या होत्या, एकूण 2,477 रुपये. प्रत्येक स्थळप्रतीवर आडवी रेघ ओढून ‘रद्द’ लिहिलं, सुटे पैसे घेतले आणि सोमवारपासून तीन संध्याकाळी फिरलो. हे वाटलं होतं त्यापेक्षा अवघड गेलं. एका हमालानं पैसे घेतले, खिशात टाकले आणि दार लावून घेतलं. एका घरात सुनेनं विचारलं, आता तुमच्याकडून रेशनचं काम होणार नाही का? तिला पटवून सांगायला अर्धा तास लागला की या दोन्हींचा संबंध नाही, आणि नसायलाच पाहिजे. एका आजोबांनी नोट हातातच घेतली नाही. म्हणाले, “दिलेलं माघारी घेत नसतेत. पुराचं नाव न घेता दुसरी पावती फाडा.” मी तिथंच पायरीवर बसून नवी पावती लिहिली, एकावन्न रुपयांची.

चार घरांना कुलूप होतं. कारखाने 1 नोव्हेंबरपासून सुरू झाले, त्यामुळे टोळ्या ऊसतोडीला गेलेल्या. फोन केला तर एक जण सोलापूरच्या पुढं फडात होता, दोघं कर्नाटकात. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन गेलेला माणूस मतदानाला एका दिवसासाठी परत येऊ शकत नाही. आमच्या मराठवाड्यात नोव्हेंबर-डिसेंबरची निवडणूक म्हणजे वस्तीच्या वस्ती मतदानाबाहेर, आणि यावर कुठल्याच पक्षाच्या बैठकीत मी कुणाला नीट बोलताना ऐकलं नाही. शनिवारी मी त्यांना फोन लावून घेतला तेव्हा त्यांनी फडातूनच पैसे पाठवले होते, उचलीतले. ते मी ज्या नंबरवरून आले त्याच नंबरवर परत टाकले.

मावशींच्या घरी मी सगळ्यात शेवटी गेलो, मुद्दाम नाही, धीर होत नव्हता म्हणून. भिंतीवर पाणी चढल्याची रेघ अजून तशीच होती, माझ्या खांद्याच्या उंचीला. शिलाई मशीन अंगणात, चाक गंजलेलं. मी शंभराची नोट आणि एक रुपया दिला. त्यांनी पावती परत दिली आणि म्हणाल्या, “ते रजिस्टर आणलाव का?”

मी पिशवीतून काढलं. मला वाटलं त्या नाव खोडायला लावणार, आणि मी पेन काढून तयारच होतो. त्यांना वाचता येत होतं. उजव्या पानावर बोट फिरवत त्या स्वतःच्या ओळीवर थांबल्या. माणसं 4, भाकरी 12, ताडपत्री 1.

“हे चुकलंय,” त्या म्हणाल्या. “ताडपत्री दोन दिल्या होत्या तुमच्या पोरांनी. एक ही हितं, आन एक मागं शेळीवर बांधलीया. दोन लिहा.”

मी एकावर काट मारून दोन लिहिलं. त्या म्हणाल्या, खाडाखोड केलीय तर बाजूला सही करा. मी सही केली.