धाग्यावरचे फिनिश: दुसऱ्या थराआधी शोधलेले दोष

सध्या हातात असलेली मासेमारीची काठी दोन तुकड्यांची, मध्यम ताकदीची स्पिनिंग रॉड आहे. गाइड म्हणजे दोरी ज्यांतून जाते ती कडी, आणि रॅप म्हणजे ती काठीला बांधणारे धाग्याचे वेढे. गाइडांवरचे सर्व रॅप ‘ए’ जाडीच्या नायलॉन धाग्याने पूर्ण झाले असून त्यांवरच्या फिनिशचा, म्हणजे इपॉक्सीचा, पहिला थर कडक झाला आहे. बहुतेक ठिकाणी तो चांगला बसला. मात्र टोकाकडच्या काही रॅपवर दोन निरनिराळे दोष दिसल्याने दुसरा थर तूर्त थांबवला आहे. फिनिशमधला दोष कसा दिसतो याच्याइतकेच तो नेमका कुठे उमटला आहे हे पाहणे महत्त्वाचे, असे माझे ठाम मत आहे. जागेवरून कारण बहुधा कळते, आणि कारण न कळता चढवलेला दुसरा थर तोच दोष पुन्हा वर आणतो.

पहिला दोष फिश आयचा आहे. भिंगाखाली पाहिल्यास गोल, उथळ खळगा दिसतो. त्याची कड किंचित उचललेली असते आणि तळाशी धाग्याचे वेढे जवळजवळ कोरडे दिसतात. बुडबुडा फुटून राहिलेले छिद्र यापेक्षा लहान आणि तीक्ष्ण कडेचे असते, त्यामुळे या दोहोंची गल्लत होऊ देऊ नये. फिश आयमध्ये पृष्ठभागावरचे काहीतरी ओल्या इपॉक्सीला दूर सारते. ते बहुधा सिलिकॉन, मेण किंवा बोटांचे तेल असते. ब्लँकवर, म्हणजे काठीच्या मूळ नळीवर, मेण राहिले असते, तर खळगे रॅपच्या दोन्ही टोकांना, म्हणजे फिनिश धाग्यावरून ब्लँकवर उतरते तिथे दिसले असते. बोटांचे तेल असते, तर ते जास्त हाताळलेल्या रॅपवर विखुरलेले आढळले असते. इथे मात्र दुसऱ्यांदा कालवलेल्या मिश्रणाने रंगवलेल्या प्रत्येक रॅपवर खळगे होते, आणि पहिल्या मिश्रणाचा एकही रॅप बिघडलेला नव्हता. म्हणजे संशय धाग्यावरून उठून मिश्रणावर गेला.

दोन्ही मिश्रणांत इपॉक्सीचे दोन घटक, रेझिन आणि हार्डनर, एकाच जोडीतले होते, पेले आणि ब्रश एकाच प्रकारचे होते. फरक होता तो फक्त सिरिंजांचा. दुसऱ्या वेळच्या सिरिंजांच्या दट्ट्याला रबरी टोपी होती, आणि अशी टोपी सहज सरकावी म्हणून आतून अनेकदा सिलिकॉनचे वंगण लावलेले असते. खात्री करण्यासाठी ब्लँकच्या एका टाकाऊ तुकड्यावर शेजारी-शेजारी रॅप करून एकावर त्याच सिरिंजांनी मोजलेले आणि दुसऱ्यावर रबर नसलेल्या, पूर्ण प्लास्टिकच्या सिरिंजांनी मोजलेले फिनिश लावले. पहिल्यावर काही मिनिटांतच खळगे उघडू लागले, दुसरा शेवटपर्यंत सपाट राहिला. टाकाऊ तुकड्यावरची अशी चाचणी ही या छंदातली सर्वांत उपयुक्त सवय आहे.

खळग्यांवर घट्ट थर ओतून ते बुजवण्याचा मोह टाळावा, कारण सिलिकॉन तिथेच असल्यास नवा थरही तसाच फाकतो. मी पूर्ण कडक झालेला पृष्ठभाग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून हलकेच घासला आणि धाग्याला पेपर लागणार नाही याकडे सतत लक्ष ठेवले. धाग्याचा एक वेढा जरी घासला गेला, तरी त्याचे तंतू वर येतात आणि पुढच्या थरात बोचऱ्यासारखे दिसतात. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, आणि प्रत्येक पुसणीला चिंधीचा नवा भाग वापरला. एकाच भागाने पुसत राहिल्यास तेलकटपणा निघण्याऐवजी सगळीकडे पसरतो.

दुसरा दोष गाइडच्या पायांलगत, म्हणजे धाग्याखाली ब्लँकवर टेकणाऱ्या त्याच्या पट्ट्यांलगत होता: पायाच्या दोन्ही बाजूंना रांगेने अडकलेले बारीक बुडबुडे. धागा ब्लँकवरून पायावर चढतो तिथे दोन्ही कडांना एक अरुंद त्रिकोणी बोगदा उरतो आणि त्यात हवा असते. खोली तापू लागली किंवा ब्लँकला दिव्याची धग लागली की ती हवा प्रसरण पावून घट्ट होऊ लागलेल्या फिनिशमधून बाहेर पडू पाहते आणि मध्येच अडकते. म्हणूनच तापमान स्थिर असताना किंवा उतरत असताना फिनिश लावणे चांगले. शिवाय काठी फिरवणारी मोटर लगेच सुरू न करता काठी स्थिर ठेवावी, बोगद्याच्या एका तोंडाशी फिनिशचा थेंब ठेवावा आणि दुसऱ्या तोंडातून ते बाहेर डोकावेपर्यंत थांबावे. हवेला जायला एक वाट मोकळी ठेवली की बोगदा आपसूक भरतो. यात वेळ जातो, पण तो सार्थकी लागतो. पायाचे टोक आधीच कानशीने घासून निमुळते केले असेल तर बोगदाही लहान राहतो.

स्पिरिटच्या दिव्याची ज्योत बुडबुड्यांखालून झरकन फिरवली की फिनिश क्षणभर पातळ होऊन ते फुटतात. एका जागी ज्योत रेंगाळली, तर काजळी धरते आणि बोगद्यातली हवा पुन्हा फुगते. फिनिश पातळ करण्यासाठी मी त्यात अ‍ॅसिटोन घालत नाही; रेझिनची बाटली कोमट पाण्यात ठेवून प्रवाहीपणा वाढवणे अधिक सुरक्षित वाटते. रेझिनमध्ये साखरेसारखे कण दिसू लागले असतील, तर तेही याच उपायाने विरघळतात.

मोजमापाबाबत एक गोष्ट आवर्जून नोंदवतो. माझे फिनिश आकारमानाने १:१ आहे, म्हणून ते वजनकाट्यावर समसमान घेणे चुकीचे ठरते. रेझिन सहसा हार्डनरपेक्षा जड असते. प्रत्येकी १ मिली घेताना ०.१ मिलीची चूक म्हणजे १० टक्के, तर ३ मिली घेताना तीच चूक साधारण ३ टक्के भरते. त्यामुळे थोडे वाया गेले तरी चालेल, पण मी ३ मिलीपेक्षा कमी घेत नाही. पेल्याच्या कडा आणि तळ खरवडत सावकाश कालवतो आणि मिश्रण फॉइलवर पसरतो. उष्णता साठत नाही, बुडबुडे वर येतात आणि काम करायला अवधी मिळतो. फिनिश चिकट राहिल्यास कारण बहुतेक वेळा इथेच सापडते. हार्डनर जास्त घातल्याने ते लवकर कडक होत नाही, उलट मऊ राहते.

थंड, दमट हवेत इपॉक्सीवर येणारा मेणचट पापुद्रा या वेळी आला नाही. आला असता तर घासण्याआधी कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुतला असता, कारण आधी घासल्यास तो ओरखड्यांत दाबला जातो.

आता घासून पुसलेल्या रॅपवर दुसरा थर मुद्दाम पातळ चढवणार आहे. जाड थर मध्यभागी फुगतो, काठीचे वजन वाढवतो आणि टोकाकडची लवचीकता कमी करतो. रॅप दिसायला सपाट व्हावेत एवढ्यासाठी तिसऱ्या थराची गरज पडली तर तोही असाच पातळ असेल. फेरुलजवळचे, म्हणजे काठीचे दोन तुकडे जुळतात तिथले, रॅप अजून बाकी आहेत, आणि तिथे सुरुवातीपासूनच रबर नसलेल्या सिरिंजा वापरणार आहे.