ती मराठीत ओरडली होती का?

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून ग्रुपवर तीनदा मेसेज आला, मी टाळत होते, कारण बाकीचे गॅदरिंग नि कबड्डीवर लिहिणार आणि माझी शाळा सुरू होते ती भोपाळपासून.

२ डिसेंबर १९८४ ची रात्र. मी नऊ वर्षांची, बाबा रेल्वेत, घर स्टेशनजवळच, आणि त्यांची नेमकी नाइट ड्यूटी. डोळे चुरचुरायला लागले, खोकला थांबेना, बाहेर शेजारच्या चाची ओरडत होत्या, "किसी ने मिर्ची जला दी!" गॅसबिस कोणाला माहीत तेव्हा, सगळ्यांना मिरचीच वाटली. आईने ओला टॉवेल माझ्या तोंडावर दाबला आणि आम्ही पळालो. बाबा नंतर आलेच नाहीत.

मग इंदूर, रामबागेत मामाकडे, आणि ही शाळा. पहिलं वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही. पोरींना वाटायचं हिला मराठी येत नाही, ते अर्धं खरंही होतं, भोपाळला मी हिंदी मीडियमला होते ना.

आठवीत मराठीच्या बाईंनी निबंध दिला, थंडीतली रात्र. मी कविता लिहिली. त्यात धुकं, चांदणं, काळरात्र, अश्रूंची ओंजळ, सगळा पाठ्यपुस्तकातला माल, आणि मध्येच एक शेजारीण म्हणते, "कोणी हो जाळल्या मिरच्या?" बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही मराठीत ओरडली होती का गं?"

"नाही."

"मग?"

बस, एवढंच, वही परत.

रात्री ती ओळ हिंदीत लिहिली आणि बाकीचं सगळं खोटं दिसायला लागलं. चांदणं काढलं, डोळे उघडत होते कोणाचे! ओंजळ काढली. उरल्या अकरा ओळी, टॉवेल, चाची, आणि ओट्यावर बाबांचा डबा, जो ते त्या रात्री विसरून गेले होते आणि मी चार वर्षं कोणाला सांगितला नव्हता. वर्गात वाचताना आवाज फाटला, पण वाचली पूर्ण.

पुढे बाईंनीच इंदिरा संत वाचायला दिल्या. पहिलं पुस्तक नवराबायकोचं मिळून, १९४६ ला नवरा गेला, आणि एकटीचं पहिलं १९५१ ला. मी बोटांवर मोजलं, पाच वर्षं. म्हणजे मला फार उशीर नव्हता झाला.

पुण्याकडचे म्हणतात तुमच्या कवितेत हिंदी फार. असू दे.

गेल्या वर्षी माझं पुस्तक आलं, पहिली कॉपी बाईंना. आठवड्याने परत आली, पेन्सिलने ऱ्हस्व-दीर्घाच्या चौदा चुका काढून! रिटायर झाल्या तरी सवय जात नाही. चाचींच्या ओळीशेजारी बारीक अक्षरात लिहिलंय, "या आता कुठे असतात?"

मी कधी विचारलंच नव्हतं कोणाला. आईला फोन लावला, तिलाही माहीत नाही.